वाटेची मजुरी

मे महिन्यातली दुपार. मिहानमधल्या एम्समध्ये आपाची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, तपासणी आटोपून आम्ही घरी निघालो होतो. वर्धा रोडला लागायच्या आधीच गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. थांबून पाहिलं, तर बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. नागपूरच्या मे महिन्याबद्दल मी काय सांगावं! २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्यात मिहानचे रस्ते रुंद आणि सावली दुर्मिळ.

मी घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. आपाने तो मागे ओढला. म्हणाली, "कुकरचं झाकण असं उघडतात का रे?" तिचं बरोबर होतं. गाडीतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी तोंडावर उसळतं. इंजिन गार होईपर्यंत ते झाकण उघडायचं नाही, हा धडा मला कुठल्या मेकॅनिकने नाही, बहिणीने दिला.

आपाला ऑटोत बसवून घरी पाठवलं आणि गाडी टोचन करून खापरीच्या बाजूच्या एका गॅरेजात आणली. तिथल्या उस्तादांनी खाली वाकून पाहिलं, बोटाने एक वाळलेला डाग खरवडला आणि म्हणाले, "भाऊ, वॉटर पंप गेला. सामान फार महाग नाही. पण तिथपर्यंत पोचाले चार घंटे लागतात. मजुरी सामानाहून जास्त होईल."

मी घासाघीस सुरू केली. तळहाताएवढा पंप आणि त्याला एवढी मजुरी? उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा अन् पाहा. मग सांगा."

मी बसलो. त्या चार तासांत जे कळलं ते आज सांगतो आहे.

पंपाचं काम साधं आहे. इंजिनाच्या पोटात तापलेलं पाणी रेडिएटरकडे ढकलायचं आणि गार झालेलं परत आणायचं. आत एक छोटा पंखा, एक दांडा, एक बेअरिंग आणि पाणी अडवणारं सील. सील झिजलं की पंपाच्या अंगाला मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रातून थेंब गळू लागतो. ती धोक्याची सूचना असते. पण पंपच झाकलेला असला, तर ती दिसणार कशी? मग पाणी कमी होत जातं, आपण वरून भरत राहतो आणि एका दुपारी काटा चढतो. तशीच गाडी हाकली, तर हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

जुन्या अँबॅसेडरमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत असायचं. बॉनेट उघडलं की रेडिएटरमागे पंप समोरच दिसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्यात इंजिन आडवं होतं आणि जोर पुढच्या चाकांना मिळत होता. पुढे बहुतेक छोट्या गाड्यांची हीच रचना झाली. त्यामुळे आत बसणाऱ्यांना ऐसपैस जागा मिळाली; आपल्या पायांना मिळालेली ही जागा मेकॅनिकच्या हातांकडून घेतलेली आहे. इंजिनाची एक बाजू आता चाकामागच्या पत्र्याला भिडलेली असते आणि कितीतरी गाड्यांत पंप नेमका तिथेच, टायमिंग बेल्टच्या मागे बसलेला असतो.

उस्तादांनी आधी बॅटरीची तार काढली. गार झालेलं कूलंट खाली सोडलं. जॅकने गाडी उचलून स्टँडवर ठेवली, पुढचं चाक आणि आतला प्लॅस्टिकचा पडदा काढला. इंजिनाला खालून आधार दिला आणि त्या बाजूचं माउंटिंग सोडलं. मग पट्टा, पुली आणि प्लॅस्टिकचं आवरण. काढलेला प्रत्येक बोल्ट त्यांचा पोरगा एका पुठ्ठ्यावर खोचून ठेवत होता. पुठ्ठ्यावर पेनाने आवरणाचं चित्र काढलेलं होतं. जिथला बोल्ट तिथेच.

शेवटी टायमिंग बेल्ट दिसला. या दातेरी पट्ट्यामुळे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. एका दात्याची चूक झाली, तरी इंजिन अडखळतं. काही इंजिनांत हा पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून पट्टा काढण्याआधी दोन्हीकडच्या खुणा जुळवाव्या लागतात.

उस्तादांनी पट्टा उलटा वाकवून दाखवला. त्यावर बारीक भेगा होत्या. "कधी बदलला होता?" मला सांगता येईना. पैसे वाचवायला म्हणालो, राहू द्या. तेव्हा मात्र त्यांनी पाना खाली ठेवला. "भाऊ, हा पट्टा दोन महिन्यांनी तुटला, तर हीच वाट पुन्हा उघडा लागन. आज वाट उघडी आहे. पट्टा अन् टेन्शनर आज फक्त सामानाच्या भावात पडते." मी मान डोलावली.

आमच्या डोक्यावरून विमानं उतरत होती. त्यांच्या इंजिनांनाही हाच प्रश्न असतो. याच मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोइंगने बांधलेलं विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. विमानाच्या इंजिनाची पाती पाहायला दर वेळी अख्खं इंजिन खोलत नाहीत. इंजिनाच्या अंगाला झाकणबंद छिद्रं मुळातच ठेवलेली असतात. त्यांतून टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेली बोरोस्कोप नावाची नळी आत घालतात. डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात, तशीच. आणि काम संपलं की हत्यारं मोजतात. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान सुटत नाही. आमच्या पुठ्ठ्यामागेही तोच विचार होता.

पंप निघाला. जुनं पॅकिंग खरवडून जागा स्वच्छ केली, नवा पंप बसवला, बोल्ट आळीपाळीने सारखे आवळले. नवा पट्टा चढवून उस्तादांनी इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवलं आणि खुणा पुन्हा तपासल्या. मगच बाकीचं बंद केलं. कूलंट भरून अडकलेली हवा काढली. काटा मध्यावर येऊन थांबला.

आमच्या शायरीच्या दुनियेतही गुरूला उस्तादच म्हणतात. तेही शागिर्दाच्या ओळीतला एखादा शब्द बदलतात आणि लोकांना वाटतं, एवढंच? त्या शब्दापर्यंत पोचायला लागलेली वर्षं कुणाला दिसत नाहीत.

मंडळी, कूलंटची पातळी पुन:पुन्हा उतरत असेल, तर नुसतं पाणी भरून पुढे जाऊ नका, गळती शोधा. पट्टा कधी बदलला, ते लिहून ठेवा. आणि मजुरीवर हुज्जत घालण्याआधी तासभर त्या स्टुलावर बसून पाहा.

मी सांगितले तेवढे पैसे दिले. उस्तादांनी जुना पंप माझ्या हातावर ठेवला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिले. घरी गेल्यावर आपाने विचारलं, "काय झालं होतं?" मी पंप तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "एवढासाच?"

मी म्हटलं, "बस. सांगतो."