तुमच्यासाठी आणखी कोणता देश आहे?

निर्वासित म्हणून संरक्षण मागणाऱ्याला पहिला प्रश्न अपेक्षितच असतो: मायदेशी तुमच्या जिवाला धोका आहे का? दुसरा प्रश्न मात्र अनेकांच्या ध्यानीमनीही नसतो: निर्धास्तपणे राहता येईल असा दुसरा एखादा देश तुम्हाला आहे का? उत्तर 'हो' निघालं, तर धोका कितीही खरा असला तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

याचं मूळ 1951 च्या जिनिव्हा निर्वासित करारात, कलम 1 च्या 'ई' भागात आहे. वाक्य जेमतेम एकच. एखाद्या देशात स्थायिक झालेल्याला तिथलं सरकार नागरिकासारखेच हक्क आणि जबाबदाऱ्या देत असेल, तर हा करार त्याला लागू नाही. मसुदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर प्रामुख्याने होते महायुद्धानंतर पूर्व युरोपातून जर्मनीत आलेले जर्मन वंशाचे लाखो लोक. थक्क व्हायला होतं ते याचं, की त्याच ओळीवर आज कॅनडात, वाटेत काही वर्षं ब्राझीलमध्ये राहिलेल्या हैतीच्या माणसाचं भवितव्य ठरतं!

'नागरिकासारखे' म्हणजे नेमके किती? कॅनडात मुख्यतः चार गोष्टी तपासल्या जातात. त्या देशात परत जाता येतं का? हवं ते काम करता येतं का? शिकता येतं का? सरकारी सामाजिक सेवा पूर्ण मिळतात का? पर्यटकाचा व्हिसा इथे काही कामाचा नाही.

आणि नागरिकासारखे हक्क देणारा परवाना मिळून हातचा गेला असेल तर? चिलीत कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या एका चिनी जोडप्याच्या खटल्यात कॅनडाच्या फेडरल अपील न्यायालयाने 2010 मध्ये याची रीत घालून दिली. हक्क आपणहून सोडला की नाइलाजाने गेला? परत जाता येईल का? मायदेशी काय वाढून ठेवलंय? कॅनडाची आंतरराष्ट्रीय बांधिलकी काय सांगते? हे सगळं तोलूनच निर्णय द्यायचा.

दुसरं नागरिकत्व असेल तर प्रश्न आणखी टोकदार होतो, आणि तो थेट भारतापर्यंत येतो. 26 जानेवारी 1950 रोजी किंवा त्यानंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेले तिबेटी आपल्या कायद्याने जन्मतःच भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये तसा निकाल दिला. तरी कित्येकांच्या हाती पासपोर्टाऐवजी परदेशी म्हणून नोंद झाल्याचं प्रमाणपत्रच होतं. अशाच एका तिबेटी माणसाचा अर्ज कॅनडात पोचला, तेव्हा 2016 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं: नागरिकत्वाचे हक्क बजावण्यात मोठा अडथळा होता आणि तो दूर करण्याचे रास्त प्रयत्न करूनही यश आलं नाही, हे अर्जदाराने दाखवावं.

ज्यांना कुठल्याच सरकारचं संरक्षण नाही, त्यांच्यासाठी हा करार आहे. म्हणून दुसरा प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारणाऱ्यावरही जबाबदारी येते: कागदावरचा हक्क त्या माणसाला खरोखर वापरता येतो का, याची प्रत्येक अर्जागणिक खातरजमा करण्याची. नाहीतर ज्यांच्यासाठी करार झाला, नेमके तेच त्यातून वगळले जातील.