वडीगोद्रीला अडकलेली यात्रा

दिवाळी अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगू नये, हे मला कळते. पण हा अंक हाती पडेल तेव्हा निम्म्या घरांत नाताळच्या सुटीचे बेत शिजत असतील आणि काहींनी कुठल्या तरी कंपनीकडे आगाऊ रक्कम भरलीही असेल. तेव्हा आताच बोललेले बरे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता महाराष्ट्रातल्या पाच ज्योतिर्लिंगांच्या यात्रेला निघालो होतो. वेरूळला घृष्णेश्वराचे दर्शन आटोपून बस परळीच्या वाटेला लागली. धुळे-सोलापूर महामार्गावर अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव लागते. येथून एक रस्ता अंबडवरून जालन्याकडे जातो, आणि सरळ गेले तर शहागडला गोदावरी ओलांडून आपण बीड जिल्ह्यात शिरतो. येथे बस चहाला थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर फोनवर बोलून आला आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, मालकानं सांगितलंय, इथून पुढं गाडी हलवायची नाही. कंपनीनं भाड्याचा रुपया दिलेला नाही."

कंपनीचा फोन बंद. सोबत दिलेला व्यवस्थापक म्हणजे विशीतला पोरगा; त्याचाच तीन महिन्यांचा पगार थकलेला! मग जे व्हायचे ते झाले. कोणी ड्रायव्हरवर ओरडले, कोणी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आमच्यात मुलुंडच्या एक बाई होत्या, हयात बँकेत गेलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, बुडाली ती कंपनी. बस काही बुडाली नाही, परळीचे देऊळही जागेवर आहे. कोणाचे पैसे पोचलेत आणि कोणाचे नाहीत, ते आधी बघू या."

सगळी मेख या एका वाक्यात होती. आपण पैसे देतो एकाला. बस, खोली, तिकीट मिळते दुसऱ्याकडून. मधला माणूस नाहीसा झाला की या दुसऱ्या मंडळींशी आपणच बोलावे लागते. बाईंनी यात्रेच्या पत्रकामागे यादी केली. परळीच्या लॉजवाल्याने सांगितले, खोल्या धरल्या आहेत, पैसे आलेले नाहीत. नांदेडहून परतीची रेल्वे तिकिटे होती, त्यांचे पीएनआर १३९ वर तपासले. एकवीस जणांची पक्की निघाली, बाकीच्यांची काढलेलीच नव्हती. तिकीट खरोखर निघाले असेल तर कंपनी बुडाली म्हणून ते रद्द होत नाही. विमानाच्या तिकिटाचेही तसेच. ते एजंटामार्फत काढलेले असले, तरी परतावा देण्याची जबाबदारी विमान कंपनीची, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे.

बसमालकाशी डिझेल आणि ड्रायव्हरच्या भत्त्यावर सौदा ठरला. पैसे थेट त्याला, पावतीवर बाईंनी लिहून घेतले: 'यात्रेचे पूर्ण पैसे कंपनीस आधीच दिले असता, नाइलाजाने दुसऱ्यांदा भरले.' त्या पोराकडूनही कंपनीने काय काय थकवले ते त्याच्या हस्ताक्षरात घेतले. मला तेव्हा हा कारकुनी सोस वाटला होता.

दुसऱ्यांदा पैसे देणे सगळ्यांना परवडणारे नव्हते. एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी तिथेच उतरले आणि जालन्याकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले. बाईंनी जाताना खिडकीतून परळीच्या दिशेला हात जोडले. पुढचा सारा रस्ता बसमध्ये कोणी भजन म्हटले नाही.

असे फक्त लहानसहान कंपन्यांचे होते, असे नाही. १८४१ पासून प्रवास घडवणारी विलायतेची थॉमस कुक २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. ट्युनिशियात हमामेतच्या एका हॉटेलाने तर त्याच सुमारास बिलासाठी पाहुण्यांना फाटकाआड अडवल्याच्या बातम्या आल्या. (भारतातली थॉमस कुक ही वेगळ्या मालकीची, तिला त्या बुडण्याची झळ बसली नाही.) पण तिथे दर प्रवाशामागे अडीच पौंड घेऊन संरक्षण निधी उभा केलेला असतो, सरकारी यंत्रणेने सुमारे दीड लाख लोकांना घरी आणले. आपल्याकडे असा निधी नाही. १७५८ साली स्थापन झालेली आणि मुंबईहून कारभार चालणारी कॉक्स अँड किंग्ज त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेली.

अशा वेळी न्यायाधिकरणाने नेमलेला अधिकारी जाहीर सूचना काढतो. तिच्यात दिलेल्या मुदतीत पावत्यांसह दावा दाखल करावाच. मात्र फार आशा धरू नये. बँका पुढे, आपण रांगेच्या शेपटाला. घर घेणाऱ्यांना २०१८ साली कायद्याने वित्तीय धनकोंचा दर्जा दिला, यात्रेकरूंना कोण देणार! शिवाय ती कार्यवाही चालू असेपर्यंत कंपनीविरुद्धचे इतर दावे थांबतात. कार्डाने पैसे भरले असतील तर त्याच दिवशी बँकेकडे हरकत नोंदवावी.

आमची कंपनी मात्र एकट्या मालकाची पेढी होती, आणि हे आमच्या पथ्यावर पडले. अशा पेढीचे देणे मालकाच्या अंगावरच असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. जालन्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षे, वकिलाची सक्ती नाही, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर नोंद केली, मग आयोगाकडे गेलो. ती 'कारकुनी' पावती आणि पोराचा कागद पाहिल्यावर समोरच्या वकिलाला फारसे बोलायला उरले नाही. आदेश आमच्या बाजूने झाला. तो न पाळल्यास कैदेची तरतूद आहे, हे कळताच मालक हप्त्यांना राजी झाला.

परवा मुख्याध्यापकांचा फोन आला. तिसरा हप्ता जमा झाला होता. दोघे परळीला निघाले होते, एस.टी.ने.