एडिस्टनचा मनोरा खचला नव्हता

इंग्लंडमधल्या प्लिमथपासून सुमारे २० किलोमीटरवर, भर समुद्रात एडिस्टनचे खडक आहेत. भरतीत ते जवळजवळ पाण्याखाली जातात. अभियंता जॉन स्मीटनने १७५९ साली तिथे उभारलेला दीपगृहाचा दगडी मनोरा जगभर नावाजला गेला. त्याच्याविषयीचे गैरसमजही तेवढेच पसरले.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की लाटांच्या माऱ्याने हा मनोरा कमकुवत झाला, म्हणून तो उतरवावा लागला. स्मीटनवर हा सरळ अन्याय आहे. दगड एकमेकांत अडकतील अशा खाचा त्याने घडवल्या होत्या, शिवाय ते खालच्या-वरच्या थरांशी आणि खडकाशीही जखडले होते. एखादा दगड ओढून काढणं लाटेला शक्यच नव्हतं. सव्वाशे वर्षांनंतरही बांधकाम भक्कम होतं. झिजला तो पायाखालचा खडक. लाटांनी तो पोखरला आणि मोठ्या लाटेसरशी मनोरा हादरू लागला. म्हणून अभियंता जेम्स डग्लसने शेजारच्या खडकावर नवं दीपगृह बांधलं. ते १८८२ मध्ये सुरू झालं. जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग दगड दगड सुटा करून प्लिमथला नेला आणि तिथे पुन्हा उभारला. तळाचा भरीव बुंधा मात्र अजून समुद्रातच उभा आहे.

स्मीटनचं दीपगृह तिथलं पहिलंच, असंही अनेकांना वाटतं. ते तिसरं होतं. हेन्री विन्स्टॅन्लीचं १६९८ चं दीपगृह १७०३ च्या महावादळात त्याच्यासकट वाहून गेलं. त्यानंतरचं रडयर्डचं लाकडी दीपगृह १७५५ मध्ये जळालं.

ओकच्या बुंध्यासारखा खाली रुंद, वर निमुळता होत जाणारा स्मीटनच्या मनोऱ्याचा आकार निर्दोष मानला जातो. स्थैर्यासाठी तो उत्तमच होता, पण त्या वक्र भिंतीवरून लाट चढत थेट दिव्यापर्यंत जाई. डग्लसने हे ओळखलं आणि नव्या मनोऱ्याच्या तळाशी सरळ उभ्या भिंतीचा रुंद चौथरा दिला. लाट आधी त्याच्यावर फुटते.

आणि सिमेंट स्मीटनने शोधलं, हा समज? पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने घेतलं. ते स्मीटनच्या नावावर घालायचं कारण नाही. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो, तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो, हे त्याने प्रयोगांनी दाखवून दिलं. पुढच्या सिमेंटचा पाया तिथे घातला गेला, आणि एका अभियंत्याच्या मोठेपणाला तेवढं पुरेसं आहे.