सर्पशिशूचा आहार

अमेरिकेच्या आग्नेय भागातील मूळ रहिवासी असलेल्या आणि तेथे हौसेने पाळल्या जाणाऱ्या ‘कॉर्न स्नेक’ या बिनविषारी सर्पाच्या पिलाला केवढे भक्ष्य द्यावे, हे त्याच्या इवल्याशा मुखावरून नव्हे, तर देहाच्या सर्वांत जाड भागावरून ठरवावे लागते. कारण खालच्या जबड्याचे दोन्ही भाग लवचीक अस्थिबंधाने जोडलेले असल्याने ते मुख विलक्षण विस्तार पावते. भक्ष्याची जाडी त्या भागाइतकी, फार तर दीडपट असावी; सबब नवजात सर्पाला उंदराचे केसही न उगवलेले एक पिल्लू 5 ते 7 दिवसांनी पुरेसे होते. याहून मोठे भक्ष्य दिल्यास ते ओकून टाकले जाण्याचा आणि त्या मुक्या जीवाची प्रकृती ढासळण्याचा संभव असतो. आपल्याकडे मात्र नाग-धामणीसारखे देशी सर्प पाळण्यास 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई आहे, याचे विस्मरण वाचकांनी होऊ देऊ नये.