धार जात नाही, मुडपते
बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच घरांत विळीची जागा सुरीने घेतली, पण धारेची समजूत जुनीच राहिली: बोथट झाली की साणवाल्याची वाट पाहायची. टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरते, तेव्हा बहुतेकदा पोलाद फारसे झिजलेले नसतेच. कड इतकी पातळ असते की फळीवर आपटून ती एका अंगाला कलते. खाटीक मटण कापता कापता पोलादी कांबेवर सुरी दोन-चारदा फिरवतो, तेव्हा तो ही कललेली कड सरळ करत असतो. साण मात्र दरवेळी पाते खाते. म्हणून कांब वरचेवर आणि साण क्वचित, हा क्रम शहाणपणाचा.

कुणी म्हणेल, कांबही थोडे खरवडतेच. खरे आहे, पण साणेच्या मानाने ते किरकोळ. कपाच्या बुडाचा खरखरीत काठ वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, तो कड सरळ करत नाही, घासतो. कांब ओट्यावर फडक्यात उभी रोवावी, सुरी सुमारे 20 अंशांत टेकवून मुठीकडून टोकाकडे अलगद ओढावी, दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा. जोर लावण्यात मर्दुमकी नाही. पार बोथट सुरीला कांब जीव देत नाही, तिथे साणच हवी. आणि निपाणीत विडीसाठी तेंदूपाने कापणाऱ्या कात्रीला तर कांब नकोच. कात्री चालते ती दोन पाती एकमेकांना नीट भिडण्यावर.