सुभेदारसाहेबांची शाळा

देहूरोडच्या छावणीतला जवान सुभेदार मेजरांचा उल्लेख 'साहेब' असाच करतो. शिपाई म्हणून भरती झालेल्याला पलटणीत चढता येणारी ही शेवटची पायरी, आणि अख्ख्या पलटणीत तिच्यावर माणूस एकच. जवानाची रजा, बढती, घरची अडचण, सारे कमांडिंग ऑफिसरपर्यंत पोहोचते ते बहुधा त्यांच्याच तोंडून.

इंग्रजी अमलात हिंदी शिपायाची मजल इथेच संपे. केस पिकलेल्या सुभेदारानेही काल आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा! रामजी मालोजी सकपाळ अशा फौजेत सुभेदारीपर्यंत चढले. मला मोठी वाटते ती मात्र त्यांची मास्तरकी. लष्करी शाळेत ते चौदा वर्षे हेडमास्तर होते. गावच्या शाळेत महाराच्या पोराला वेगळे बसवत, त्या काळी पलटणीत शिपायांची मुलेबाळे शिकत होती. १८९० नंतर महारांची भरती थांबली आणि ते दारही मिटले.

निवृत्त रामजींनी मग घरीच धाकट्या भीमरावाकडून इंग्रजी घोटून घेतले. १९१३ मध्ये ते वारले. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये. आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी याच देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती सुभेदारांच्या मुलाने.