जवळचे जग आणि खिशातला कॅमेरा

अंबरनाथच्या शिवमंदिराचा दगड पावसाळ्यात काळा-हिरवा दिसू लागतो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन मंदिराचे फोटो काढणारे बहुतेक जण एकेक पाऊल मागे सरकत जातात. कळसापासून पायऱ्यांपर्यंत सगळे चौकटीत मावायला हवे असते. एखादाच पन्नाशीचा गृहस्थ उलट पुढे सरकतो. चष्मा कपाळावर, हातात साबणाच्या वडीएवढा कॅमेरा. दगडी हत्तीच्या सोंडेच्या वळणात साचलेले शेवाळ आणि त्यावरचा पावसाचा एक थेंब, एवढाच त्याचा विषय असतो. लेन्स आणि दगड यांच्यात चार बोटांचेही अंतर नसते.

हा फोटो मोठा होऊन पडद्यावर दिसला की तो गृहस्थ म्हणतो, ‘अरे, हे तर मला डोळ्यांनी दिसलेच नव्हते!’ या वाक्यात अतिशयोक्ती नाही. वैद्यकीयदृष्ट्या ते शब्दशः खरे आहे.

डोळ्यातले भिंग लहानपणी मऊ आणि लवचीक असते. जवळचे पाहताना डोळ्यातले स्नायू आकुंचन पावतात, भिंग फुगीर होते आणि जवळच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर नीट उमटते. वय वाढते तसे भिंग ताठर होत जाते. दहा वर्षांचे मूल आठ-नऊ सेंटिमीटरवर धरलेली मुंगी स्पष्ट पाहू शकते. विसाव्या वर्षी हे अंतर साधारण दहा सेंटिमीटर होते, चाळिशीत वीस-पंचवीस आणि साठीपर्यंत जवळजवळ एक मीटर. ‘चाळिशी लागली’ म्हणतात ती हीच. हा आजार नाही. केस पांढरे होण्याइतकीच ही स्वाभाविक गोष्ट आहे. वाचण्यासाठी चष्मा मिळतो, पेपर वाचता येतो आणि माणूस विषय संपला असे समजतो. पण वाचनाचा चष्मा साधारण हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असतो. मुंगी, परागकण, कापडाची वीण, नाण्यावरची झीज हे लहानपणी डोळ्यांशी धरून पाहिलेले जग हळूच हातातून निसटते. त्याची तक्रार घेऊन दवाखान्यात कोणी येत नाही, कारण ते गेले हे लक्षातच येत नाही.

साधा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा या जगाचे दार पुन्हा उघडू शकतो. अशा अनेक कॅमेऱ्यांतले प्रकाश टिपणारे संवेदक जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असते, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. संवेदक लहान म्हणून लेन्सचे नाभीय अंतरही चार-पाच मिलिमीटरच पुरते. माणसाच्या डोळ्याचे हे अंतर सुमारे १७ मिलिमीटर असते. नाभीय अंतर कमी असले की जवळची आणि थोडी मागची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसते. मोठ्या, महागड्या कॅमेऱ्यात मुंगीचे डोके स्पष्ट आले तर पोट धूसर होते. छोट्या कॅमेऱ्यात अख्खी मुंगी बऱ्यापैकी स्पष्ट येते. कॅमेऱ्यावर ट्युलिपच्या फुलाचे छोटे चिन्ह असते. ते दाबले की अनेक कॅमेरे वस्तूपासून अवघ्या काही सेंटिमीटरवरही नेम धरू शकतात. साठीतल्या डोळ्यांना जे एक मीटरच्या आत जमत नाही, ते हे यंत्र चार बोटांवर करते. मोठा कॅमेरा परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. लहान विषयांसाठी लहान कॅमेरा ही तडजोड नाही.

विषयांसाठी लांब जावे लागत नाही. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांबाहेर पडलेल्या चिंध्यांत निळ्या धाग्याखाली पांढरा धागा कसा लपतो ते पाहण्यासारखे आहे. सिंधी घरांत वाळत घातलेल्या पापडावरचे मिऱ्याचे कण, अंबरनाथची जुनी ओळख असलेल्या विम्कोच्या काड्यापेट्यांवरची चित्रे, बदलापूरला उल्हास नदीच्या काठच्या गवतावरचे कोळ्याचे जाळे, जांभळाच्या झाडाखाली फुटपाथवर पडलेला डाग. लोकलची वाट पाहताना फलाटावरच्या बाकाच्या सोललेल्या रंगाचे चार थरसुद्धा चालतात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. रोज जाऊन-येऊन तीन तास गर्दीत काढणाऱ्या माणसाची नजर एक तर मोबाइलच्या पडद्यावर असते किंवा कुठेच नसते. अशा माणसाने दिवसातून एकदा पाच मिनिटे एका लहान वस्तूकडे पाहिले तर काय होते, याचा अभ्यास झालेला आहे.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. कॅमेऱ्याने टिपले, आता आपण लक्षात ठेवायची गरज नाही, असे जणू मेंदूने ठरवले. मात्र ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितले होते त्यांची स्मरणशक्ती घसरली नाही. झूम न केलेला भागही त्यांना आठवत होता. २०१७ मध्ये अलिक्सांद्रा बराश आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की स्वतः ठरवून फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले जास्त आणि ऐकलेले कमी आठवते. कॅमेरा न देता नुसते मनात फोटो काढायला सांगितले तरी असाच परिणाम दिसला. दोन्ही अभ्यासांचा अर्थ एकच निघतो. लाभ बटण दाबण्यातून मिळत नाही, काय टिपायचे ते निवडण्यातून मिळतो. लग्नात तीनशे फोटो काढणाऱ्याला लग्न आठवणार नाही. एका अक्षतेचा फोटो काढण्यासाठी थांबलेल्याला आठवेल.

निवृत्तीनंतर याचे महत्त्व वाढते. टेक्सास विद्यापीठाच्या डल्लास शाखेतल्या डेनिस पार्क यांनी ६० ते ९० वयोगटातल्या दोनशेहून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २०१४ मध्येच प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीसारखे शिवणकाम, काहींना दोन्ही. आणखी एका गटाला नुसते एकत्र जमून गप्पागोष्टी आणि सहली करायला सांगितले. घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता फोटोग्राफी शिकलेल्यांत सर्वांत ठळकपणे सुधारली. गप्पांच्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. साठी उलटल्यावर मेंदूला काहीतरी नवे आणि थोडे अवघड लागते, हा त्याचा बोध. यावरून कॅमेऱ्यामुळे विस्मरणाचा आजार टळतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेवढा पुरावा नाही. पण आयुष्यभर कारखान्यात किंवा कार्यालयात एकच काम केलेल्या माणसाला ‘आता दिवसभर करायचे काय’ हा प्रश्न पडतो, तेव्हा हे उत्तर वाईट नाही.

हात थरथरतो म्हणून अनेक जण हा नाद सोडतात. प्रत्येकाचा हात सेकंदाला ८ ते १२ वेळा सूक्ष्म थरथरतो. ते निरोगीपणाचेच लक्षण आहे. जवळून फोटो काढताना ही थरथर मोठी होऊन दिसते, इतकेच. कोपर भिंतीला किंवा गुडघ्याला टेकवावे, श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे आणि मग बटण दाबावे. चहा-कॉफी, जागरण, दम्याची काही औषधे यांनी थरथर वाढते. मात्र हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना एकाच बाजूला कंप दिसत असेल तर त्याचे खापर कॅमेऱ्यावर फोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.

हा छंद डोळ्यांविषयीही काही सांगून जातो. आजचे कॅमेरे नेम स्वतः धरतात. त्यामुळे फोटो घरातल्या सगळ्यांना स्वच्छ दिसतो आणि काढणाऱ्याला चष्मा लावूनही धूसर दिसतो, तेव्हा दोष कॅमेऱ्यात नसतो. मोतीबिंदू असू शकतो. पडद्यावरची खिडकीची सरळ गजांची रांग मध्येच वाकडी दिसली तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी बिघाड असू शकतो. ती तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलायची नसते. मधुमेह असलेल्यांनी तर काहीही त्रास नसताना वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे. तिथेही डॉक्टर बहुधा कॅमेऱ्यानेच डोळ्याच्या आतला फोटो काढतात.

पावसाळ्यात थोडी सावधगिरी हवी. वालधुनीच्या किंवा उल्हासच्या काठी साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून येणारा लेप्टोस्पायरोसिस त्याच वाटेने शरीरात शिरतो. पाण्यात शिरल्यानंतर पुढच्या काही दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना पाण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. बदलापूरच्या पलीकडे गवतात बसकण मारण्यापूर्वी काठीने चाचपावे, कारण घोणस पाचोळ्यासारखीच दिसते. रुळांच्या कडेची फुले कितीही सुंदर असली तरी ती दुसरीकडेही उगवतात. आणि बराच वेळ उकिडवे बसल्यावर रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी सावकाश उठावे.

शेवटी एक गोष्ट, जी खरे तर प्रत्येक घरातल्या फोटो काढणाऱ्याला माहीत हवी. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅशचा प्रकाश थेट आत जातो, दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांवरून परततो आणि फोटोत डोळे लाल दिसतात. हा लाल रंग फोटोचा दोष असला तरी डोळा आतून पारदर्शक असल्याची ती खूण आहे. वाढदिवसाच्या फोटोत बाळाचा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरट किंवा पिवळसर चमकताना दिसला तर तो फोटो पुसून दुसरा काढू नये. एखाद्या फोटोत डोळा विशिष्ट कोनात वळलेला असला तर निरोगी डोळाही पांढरा चमकू शकतो. पण अशी चमक पुन्हा दिसली, किंवा नुसती शंका आली, तरी बाळाला काही दिवसांत नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. कारण जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, किंवा रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग.

अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा कर्करोग झाला होता. नंतर त्यांनी घरातले हजारो फोटो पुन्हा तपासले. पांढरी चमक बाळ अवघे बारा दिवसांचे असतानाच्या फोटोत होती. ते निरीक्षण २०१३ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले आणि पुढे फोटोंतली ही चमक शोधणारे मोबाइल ॲपही त्यांच्या गटाने तयार केले. हा रोग लवकर सापडला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा दृष्टीही. आपल्याकडे अनेक बाळे उशिरा पोहोचतात. फोटो घरात असतो, पण त्याकडे कोणी नीट पाहिलेले नसते.

छंदाचे फळ एवढेच असले तरी पुरे. शेवाळावरच्या थेंबाकडे पाच मिनिटे पाहण्याची सवय लागलेला माणूस घरी येऊन नातवाचा फोटो पाहतो, तेव्हा तो नुसते हसू पाहत नाही. डोळेही पाहतो.